गांडूळखत वेगळे करणे

घरगुती टाकीत किंवा वाफ्यात तयार झालेल्या खतातून गांडुळे, त्यांचे कोष (अंडी असलेली आवरणे) व न कुजलेला काडीकचरा बाजूला काढण्याची क्रिया. काटेकोरपणे पाहता गांडुळांची निव्वळ विष्ठा आणि गांडूळखत हे पदार्थ भिन्न होत. घरच्या टाकीतून निघते ते विष्ठा व अर्धवट कुजलेले शेण यांचे मिश्रण असते. विदर्भात ही रीत बहुधा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुजली. त्यापूर्वीचा उकिरडा मृगाआधी गाड्या भरून शेतात रिकामा होई, त्यामुळे खतातला जीव राखण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

वापरातील जातींपैकी आयसेनिया फेटिडा मूळची युरोपीय व युड्रिलस युजिनी पश्चिम आफ्रिकेतील मानली जाते. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आशियाई जात होय. फेटिडा म्हणून दिली जाणारी गांडुळे पुष्कळदा तिच्याशी अत्यंत साम्य असलेल्या आयसेनिया आंद्रेई या जातीची असतात. आंद्रेईला 1972 मध्ये आधी उपजातीचे स्थान मिळाले. आता ती स्वतंत्र जात मानण्याकडे कल असून तेच मत अधिक ग्राह्य वाटते. खत काढणाऱ्याच्या दृष्टीने मात्र आकार महत्त्वाचा: युड्रिलस मोठे असल्याने हाताने वेचता येते, इतर दोन्ही बारीक असल्याने ते काम किचकट होते.

प्रचलित पद्धत गांडुळांच्या प्रकाशभीतीवर आधारलेली आहे. चार-पाच दिवस पाणी तोडून खताचे शंकूच्या आकाराचे ढीग गोणपाटावर करतात. गांडुळे तळाशी उतरली की वरचे थर हलक्या हाताने काढून घेतात. ढीग उन्हात ठेवावा की सावलीत, याविषयी मतभेद आहेत. पारा 45 अंशांपर्यंत जाणाऱ्या विदर्भातील मे महिन्यात लहान ढीग आतपर्यंत तापतो व गांडुळे मरतात, म्हणून सकाळचा, सावलीतला उजेडच श्रेयस्कर. दुसऱ्या पद्धतीत टाकीच्या एका अंगाला ताजे पण निवलेले शेण घालून गांडुळे तिकडे ओढून घेतात. तिला दोन-तीन आठवडे लागतात.

चाळणीने गांडुळे अडतात, पण कोष बरेचदा अडत नाहीत. फेटिडाचे लिंबाच्या आकाराचे कोष जेमतेम 3–4 मिमी. असून ते बारीक खतासोबत खाली पडतात. असे खत सुमारे तीन आठवडे ओलसर सावलीत ठेवल्यास पिले बाहेर येतात आणि शेणाच्या गोळ्याभोवती गोळा होतात. खत लगेच वाळवल्यास पुढची पिढीच नष्ट होते. विक्रीच्या गांडूळखतात 15–25 टक्के ओलावा असावा व किमान 90 टक्के भाग 4 मिमी. चाळणीतून जावा, असे केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाचे मानक आहे. परसबागेपुरत्या खताला ते लागू नाही.