रिमास्टर आणि रिस्टोरेशन : 'इन्फ्रामॅन' घरी बघण्याआधी

'इन्फ्रामॅन' या हाँगकाँगच्या जुन्या सुपरहीरोपटातल्या एका चेटकिणीच्या तळहातांवर डोळे आहेत. ती तळहात समोर करते, त्यातून किरण सुटतो आणि समोरच्या माणसाचं भान जातं. या एका प्रसंगासाठी मी दोन डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघितल्या. पहिल्या डिस्कवर तो हात मेणाच्या पुतळ्याचा वाटतो. बोटांवरच्या रेषा पुसलेल्या, डोळ्याभोवतीची कड विरघळलेली. दुसरीवर कातडीच्या सुरकुत्या कुठे संपतात आणि चिकटवलेलं रबर कुठे सुरू होतं, हे बोट ठेवून दाखवता येतं. पहिल्या डिस्कच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'रिमास्टर्ड' असं छापलं होतं आणि ते वाचूनच मी ती घेतली होती. रिमास्टर्ड म्हणजे जुना चित्रपट दुरुस्त केलेला, असं मी धरून चाललो होतो. बहुतेक जण तसंच धरून चालतात.

मास्टर म्हणजे आईप्रत. डिस्क, टीव्हीवरचं प्रक्षेपण, ओटीटीवरची फाइल, सगळं तिच्यावरून निघतं. रिमास्टर करणं म्हणजे नवी आईप्रत काढणं, एवढंच. ती कशावरून काढली, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. मूळ निगेटिव्ह काळजीने स्कॅन करून काढलेली प्रतही रिमास्टर आणि वीस वर्षांपूर्वीची टेप मशीनमध्ये घालून ताणून मोठी केलेली प्रतही रिमास्टरच. शब्द दोघांनाही लागू पडतो, खोटं कोणीच बोलत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र फसतं.

रिस्टोरेशन म्हणजे जीर्णोद्धार. चित्रपट पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा जसा होता, त्याच्या जमेल तितकं जवळ त्याला नेऊन ठेवायचं. हे काम कॉम्प्युटरवर सुरू होत नाही, गोदामात सुरू होतं. कुठे कुठे रिळं शिल्लक आहेत, त्यातलं मूळ निगेटिव्ह कोणतं, कोणत्या प्रतीत एखादा प्रसंग जास्तीचा आहे, कोणत्या रिळाची भोकं फाटली आहेत, हे सगळं आधी हातात घेऊन बघावं लागतं. मग दुरुस्ती, मग स्कॅन, मग सफाई, रंग, आवाज. आणि हे सगळं झाल्यावर घरी बघायची डिस्क काढायची तर नवी आईप्रत लागतेच. दोन शब्दांचा घोळ होतो तो इथे. प्रत्येक रिस्टोरेशनच्या शेवटी एक रिमास्टर असतो, पण प्रत्येक रिमास्टरच्या मागे रिस्टोरेशन असतंच असं नाही.

'४के' हा तिसरा शब्द या दोघांच्या मध्ये घुसतो. तो फक्त चित्रातले ठिपके मोजतो. झेरॉक्सची झेरॉक्स कितीही मोठ्या कागदावर काढली म्हणून पुसट अक्षर ठळक होत नाही, तसंच हे. निगेटिव्हवरून केलेलं चांगलं २के स्कॅन, जुन्या टेपवरून फुगवलेल्या ४केपेक्षा कधीही सरस.

झेरॉक्सची गोष्ट काढलीच आहे, तर फिल्मची वंशावळ सांगतो. कॅमेऱ्यातून जाते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून एक पॉझिटिव्ह, त्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यावरून थिएटरात जाणाऱ्या प्रिंट. दर पिढीला तपशील थोडा झडतो आणि काळा-पांढरा फरक वाढतो. 'इन्फ्रामॅन' १९७५ साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सने काढला. दिग्दर्शक ह्वा शान, पटकथा नी क्वांग यांची, नायक डॅनी ली. चिनी नावाचा अर्थ सरळ 'चिनी अतिमानव'. 'अल्ट्रामॅन' आणि 'कामेन रायडर' या जपानी टीव्हीवरच्या सुपरहीरोंची तेव्हा हवा होती आणि तिला हे शॉ स्टुडिओचं उत्तर होतं. छायाचित्रणही एका जपानी माणसाचं, तादाशी निशिमोतो यांचं. ब्रूस लीचा 'वे ऑफ द ड्रॅगन' टिपणारेही तेच. १९७६ मध्ये चित्रपट इंग्रजी डबिंगसह अमेरिकेत लागला. पुढची कित्येक वर्षं परदेशातल्या प्रेक्षकाच्या वाट्याला आली ती याच प्रिंटची, तिच्या टेपची, त्या टेपच्याही टेपची प्रत. टीव्हीचा पडदा तेव्हा चौकोनी होता आणि चित्र २.३५ : १ असं लांबरुंद. ते चौकोनात बसवायला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कापला जायचा. मारामारीत ठोसा मारणारा दिसायचा, खाणारा चौकटीबाहेर.

याच अवस्थेत बघूनही हा चित्रपट लोकांच्या मनात रुतून बसला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी सुरुवातीला त्याला अडीच तारे दिले होते. बावीस वर्षांनी शॉच्याच 'माइटी पेकिंग मॅन'वर लिहिताना त्यांनी सांगितलं की या चित्रपटाची आठवण आली नाही असा महिना क्वचितच गेला असेल, आणि तिथल्या तिथे तीन तारे करून टाकले.

नशीब एवढंच, की शॉ ब्रदर्सने आपल्या निगेटिव्ह जपल्या. २००० मध्ये सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीने सुमारे ७६० चित्रपटांचा हा संग्रह विकत घेतला आणि २००२ च्या अखेरीपासून डीव्हीडी येऊ लागल्या. पूर्ण रुंदीचं चित्र आणि मूळ मँडरिन चिनी आवाज बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा अनुभवला. सगळ्यांचं असं नशीब नव्हतं. मुखवटा चढवून श्रीमंतांना लुटणाऱ्या बायकांचे, कँटोनीज या हाँगकाँगच्या चिनी बोलीतले चित्रपट 'इन्फ्रामॅन'च्या दहा वर्षं आधी गाजत होते, १९६५ चा 'ब्लॅक रोझ' त्यातलाच. त्या काळातल्या कित्येक कँटोनीज चित्रपटांची मूळ निगेटिव्ह आज हाती लागत नाही, घासलेली प्रिंट मिळाली तरी पुष्कळ. तिथे जीर्णोद्धार करणाऱ्याला उरलेल्या तुकड्यांवरच काम भागवावं लागतं. ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म उष्णतेत आणि दमटपणात कुजू लागली की डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास नाकात शिरतो. फिल्म आक्रसते, वाकडी होते, आणि मग स्कॅनरमधून सरळ जातही नाही. पुण्याच्या फिल्म संग्रहालयासमोरही हीच लढाई आहे.

आता ग्रेनबद्दल, म्हणजे चित्रातल्या दाणेदार पोताबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. फिल्मवरचं चित्र चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांतून तयार होतं. रंगीत फिल्ममध्ये धुलाईत चांदी निघून जाते आणि कणांच्या जागी रंगाचे सूक्ष्म ढग राहतात. पडद्यावर जी सळसळ दिसते ती हीच. ती चित्रावर बसलेली धूळ नाही, चित्र तिचंच बनलेलं आहे. सॉफ्टवेअरने ती पुसली की तिच्याबरोबर गालावरची लव, कापडाची वीण, रबराचा पोत, सगळं जातं. मग चित्र मऊ दिसतं म्हणून कडा कृत्रिमपणे धारदार करतात आणि प्रत्येक माणसाभोवती पांढरट रेघ उमटते. माझ्या पहिल्या डिस्कचं नेमकं हेच झालं होतं. मूर्तीवरची शेंदराची पुटं हळुवार उतरवणं वेगळं आणि शेंदराबरोबर नाक-डोळेही घासून टाकणं वेगळं.

ओरखडे, डाग, फाटलेल्या फ्रेम काढायच्या, यात वाद नाही. स्कॅन करताना फिल्म एका खास द्रवातून नेली की वरवरचे ओरखडे त्या द्रवाने भरतात आणि दिसतच नाहीत. उरलेलं काम फ्रेमगणिक. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ९० मिनिटांत १,२९,६००. यंत्र बरंच आपोआप करतं, पण त्याला उडती ठिणगी आणि धुळीचा कण यांतला फरक नेहमी कळत नाही. 'इन्फ्रामॅन'मध्ये स्फोट आणि ठिणग्या पावलोपावली आहेत. यंत्रावर सोडलं तर ते अर्ध्या ठिणग्या कचरा म्हणून उचलून टाकेल, म्हणून माणूस बसवावा लागतो.

किरण, वीज, अदृश्य होणं हे सगळं १९७५ साली कॉम्प्युटरवर होत नव्हतं. दोन-तीन फिल्म एकावर एक छापून ते चित्र बनायचं. त्यामुळे तो शॉट निगेटिव्हमध्येच एक-दोन पिढ्या खालचा असतो. साध्या शॉटनंतर किरणाचा शॉट आला की चित्र एकदम जाड, दाणेदार होतं. स्वच्छ डिस्कवर हा धक्का जास्तच जाणवतो आणि बघणाऱ्याला वाटतं, इथे काम बिघडलं. बिघडलेलं नाही, ते तसंच होतं. किरण येणार हे चित्राच्या पोतावरून क्षणभर आधी कळतं, आणि एकदा ते लक्षात आलं की मला तरी ते फार आवडू लागलं.

तारांचा प्रश्न याहून अवघड. नायकाला उडवणारी तार थिएटरातल्या प्रिंटमध्ये पिढ्यांच्या झिजेत हरवून जायची, त्या भरवशावरच ती लावलेली असायची. निगेटिव्ह स्कॅन केलं की ती लख्ख दिसते. मग पुसायची का? प्रेक्षकाला ती दिसणं अपेक्षित नव्हतं, म्हणून पुसा, असं एक बाजू म्हणते. फिल्मवर जे खरोखर टिपलं गेलं ते राहू द्या, असं दुसरी. मी दुसऱ्या बाजूचा. आज तार पुसली तर उद्या राक्षसाच्या पाठीवरची शिवण पुसावीशी वाटेल, आणि परवा त्याचा रबरी चेहराच हलवावासा वाटेल. काळ्या कपड्यांवर पांढरी हाडं रंगवलेले ते सांगाड्यांचे सैनिक कोणाच्या तरी हातांनी रंगवले होते, ते हात दिसू द्यावेत.

रंगाची गोष्ट थोडक्यात. त्या काळच्या ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या प्रिंटमधले निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि सगळं गुलाबी होतं. निगेटिव्हवरून नवा रंग बसवताना प्रमाण काय धरायचं, तर बरी टिकलेली प्रिंट किंवा हयात असलेला छायाचित्रकार. दोन्ही नसेल तर जपून अंदाज. आजच्या फॅशनचा निळसर-हिरवा थर चढवून दिला की तो रिमास्टर होतो, जीर्णोद्धार नाही. मात्र मूळ कर्त्यानेच बदल केला तर? हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाई यांनी आपल्या चित्रपटांच्या ४के रिस्टोरेशनमध्ये रंग बदलले, 'फॉलन एंजल्स'ची तर चौकटच रुंद केली, आणि हे आता तेच चित्रपट राहिलेले नाहीत असं स्वतःच लिहिलं. त्यांचा तो अधिकार मी मानतो. पण खोक्यावर 'रिस्टोरेशन' या शब्दाऐवजी 'नवी आवृत्ती' असं असायला हवं होतं.

मूळ कोणतं, हा प्रश्न सुपरहीरोपटांत तर सारखा येतो. तैवानमध्ये सत्तरच्या दशकात 'सुपर रायडर'पट निघाले. त्यांत जपानी 'कामेन रायडर'मधली दृश्यं उचलून, मध्ये तैवानी नटांचे प्रसंग नव्याने चित्रित करून जोडले होते. अशा चित्रपटाचा अर्धा उगम एका देशात, अर्धा दुसऱ्या. १९७७ च्या 'माइटी पेकिंग मॅन'ची अमेरिकी आवृत्ती 'गोलायथन' या नावाने लागली होती. भारतातल्या जंगलात सापडलेल्या महाकाय वानराची ही गोष्ट, आणि तिचं काही चित्रीकरण खरोखर म्हैसूरला झालं होतं. नायक पुन्हा डॅनी ली. ॲरो कंपनीच्या २०२१ च्या 'शॉस्कोप' संचात निगेटिव्हवरून नव्याने २के रिस्टोअर केलेल्या सात चित्रपटांत तोही आहे. खोक्यावर 'मूळ निगेटिव्ह' आणि '२के' हे दोन्ही स्पष्ट लिहिलंय, आणि हवं ते एवढंच असतं.

आवाजाकडे सहसा कोणी बघत नाही. शॉचे हे चित्रपट बिनआवाजी चित्रित व्हायचे, संवाद नंतर डब व्हायचे. म्हणून मँडरिन आणि इंग्रजी दोन्ही डबिंगच. तरी मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, ट्रॅकवरचा ठोशांचा तो कोरडा 'फाट्' आवाज हा चित्रपटाचाच भाग आहे. सुरुवातीच्या अनेक डीव्हीडींवर ५.१, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाच्या, हौसेपायी नवे ठोसे, नवी पावलं, नवा वारा भरला गेला. चित्र १९७५ चं आणि आवाज २००३ चा. घरात पाच स्पीकर असले तरी ऑडिओ मेनूत मोनो शोधा.

खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत स्कॅन कशावरून केलं हे लिहिलंय का, ते आधी बघा. काहीच लिहिलं नसेल तर जुनी टेप धरून चाला. डिस्क लावल्यावर नायकाच्या लाल पोशाखाच्या घड्या असलेली फ्रेम थांबवा, तिथे पोत दिसायला हवा. मग टीव्हीकडे वळा. चांगलं रिस्टोरेशन घरातलाच टीव्ही नासवतो. नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद, शार्पनेस खाली. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा, तो हे सगळं एकदम करतो. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, पडद्याचा साधारण चौथा हिस्सा जाईल. घरातलं कोणीतरी रिमोट घेऊन चित्र मोठं करायला जाईल, त्यांना थांबवा. शेवटच्या मारामारीत स्प्रिंगवर बसवलेली मुंडकी लांबवणारे दोन चिलखती राक्षस चौकटीच्या दोन टोकांना उभे असतात.