काळी माती म्हणजे लाव्हाचीच? आयोवाची माती वेगळंच सांगते

‘काळी कसदार माती ज्वालामुखीच्या लाव्हापासूनच बनते’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरतंय. दख्खनच्या रेगुरबद्दल, म्हणजे आपल्या काळ्या कापसाच्या मातीबद्दल, ते बरोबर आहे. तिचा मूळ खडक बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच. पण जगातल्या प्रत्येक काळ्या मातीला ते लावणं साफ चूक आहे.

अमेरिकेतल्या उत्तर-मध्य आयोवात ‘वेब्स्टर’ नावाची माती आहे. तिच्याखाली लाव्हा नाही. शेवटच्या हिमयुगात हिमनदीने चुनखडी आणि शेल खडक दळत आणले आणि बर्फ वितळल्यावर वाळू, गोटे, चिकणमाती असा सगळा चुनखडीयुक्त राडा तिथेच टाकला. त्यावर हजारो वर्षं प्रेअरीचं, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांचं, उंच गवत वाढलं. त्याची मुळं खोलवर जायची, दरवर्षी काही मरायची आणि जागीच कुजायची. सखल, पाणथळ जमिनीत हे कुजणंही मंद. काळा रंग आला तो या कुजलेल्या अवशेषांतून, म्हणजे ह्यूमसमधून.

म्हणूनच वर्गीकरणात ती मॉलिसॉल, म्हणजे ह्यूमसने भरलेल्या गडद मातींच्या गटात येते. नेमकं सांगायचं तर ‘टिपिक एंडोअक्वॉल’, म्हणजे भूजलाने खालून भिजणारी. आपली खोल रेगुर मात्र व्हर्टिसॉल. तिथे फुगणारी-आकसणारी चिकणमाती निर्णायक असते. उन्हाळ्यात पडणाऱ्या रुंद भेगा तिचीच खूण. आणि हे शेतकऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावं: रेगुर कितीही काळी दिसली तरी तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहून कमीच भरतो. तेव्हा रंगावरून खताचा हिशेब करू नका, माती तपासून घ्या.