कॅपिटल ए, स्मॉल ए आणि गिटची चुकलेली वाट

बंद दारावर पाटी असते: ‘आम्ही मागच्या गल्लीत राहायला गेलो.’ पोस्टमन ती वाचतो आणि मुकाट्याने मागच्या गल्लीत जातो. संगणकावरची सिमलिंक म्हणजे अशीच पाटी, दुसऱ्या फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता सांगणारी. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, ती साठवतं तेव्हा आत फक्त पत्ता असतो, आणि ही साधी फाइल नव्हे हे सांगायला १२०००० हा आकडा.

पाटी परक्याने लावलेली असली की प्रश्न उभा राहतो. प्रत्येक रेपोत, म्हणजे गिटने सांभाळलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरात, .गिट नावाचा लपलेला फोल्डर असतो. त्यात हुक, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, ठेवता येतात. क्लोन करताना, म्हणजे रेपोची प्रत उतरवून घेताना, समोरच्याचे हुक आपल्याकडे येत नाहीत. ते मुद्दामच तसं ठेवलंय, नाहीतर कोणाचाही रेपो उतरवून घेणं म्हणजे त्याच्या हाती आपला संगणक देणं झालं असतं.

९ मार्च २०२१ रोजी दुरुस्त झालेल्या चुकीने (सुरक्षा-चुकांच्या यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०२१-२१३००) नेमकी हीच भिंत ओलांडली होती. विंडोज आणि मॅकवर एरवी कॅपिटल ‘ए’ आणि स्मॉल ‘ए’ हे एकच नाव धरलं जातं. हल्लेखोराच्या रेपोत कॅपिटल ‘ए’ फोल्डरात एक फाइल, आणि स्मॉल ‘ए’ नावाची सिमलिंक, जिचा पत्ता .गिटमधल्या हुकच्या फोल्डरचा. गिट आधी फोल्डर तयार करी. आतली फाइल मात्र एलएफएससारख्या (मोठ्या फाइल वेगळ्या ठेवणारी गिटची जोडणी) फिल्टरमधून, म्हणजे मजकुरावर आधी प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅममधून, यायची असल्याने मागे राही. मधल्या वेळात सिमलिंकची पाळी येई, आणि नाव एकच असल्याने फोल्डर जाऊन त्याच्या जागी ती बसे.

आता मागे राहिलेली फाइल लिहायची. वाटेत सिमलिंक नाही ना, हे गिट तपासतं. पण प्रत्येक फाइलसाठी डिस्कला पुन्हा पुन्हा विचारणं महाग पडतं, म्हणून आधीचं उत्तर ते लक्षात ठेवतं. ते उत्तर होतं: ‘ए हा फोल्डर आहे.’ मघाशी खरं असलेलं, आता शिळं. फाइल थेट हुकमध्ये जाऊन पडे आणि क्लोन संपता संपता चालेही.

दुरुस्ती मला फार आवडते, कारण ती दुखऱ्या जागीच हात घालते: फोल्डर काढला की त्याची आठवणही पुसायची. आवृत्ती २.३०.२मध्ये ती आली.

तरी मे २०२४मध्ये सारखी नावं आणि सिमलिंक ही जोडगोळी सबमॉड्यूलच्या, म्हणजे रेपोच्या आत बसवलेल्या दुसऱ्या रेपोच्या, वाटेने परतली (सीव्हीई-२०२४-३२००२). या वेळी सबमॉड्यूलच्या मार्गात सिमलिंक चालणारच नाही, असं २.४५.१मध्ये ठरलं. सोबत क्लोनच्या वेळी हुकवर जादा पहाराही बसवला होता. पण एलएफएस स्वतःचे हुक त्याच वेळी बसवतं, त्यामुळे प्रामाणिक लोकांचे क्लोनच अडू लागले. २.४५.२मध्ये तो पहारा उठवला. सबमॉड्यूलची तपासणी तशीच राहिली.