पेटंट-ट्रेडमार्कचे खटले चालवायचे आहेत? सनद, एजंट नोंदणी आणि कागदपत्रे

बारावी सायन्सनंतर थेट पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला निघालेल्या मुलांना मी एकच विचारतो: पुढे पेटंटमध्ये काम करायचं आहे का? असेल तर आधी विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी घ्या, मग तीन वर्षांची एलएल.बी. करा. काही विद्यापीठांत बी.एस्सी. एलएल.बी. असा एकत्र अभ्यासक्रमही आहे, तोही चालेल. हा क्रम चुकला तर नंतर दुरुस्त करायला वर्षं जातात.

कारण इथे नोंदी दोन आहेत. कोर्टात उभं राहायला बार कौन्सिलची सनद लागते. पेटंट कार्यालयात एजंट म्हणून, म्हणजे अर्जदाराच्या वतीने पेटंटचा अर्ज तयार करून चालवायला, वेगळी नोंदणी लागते. पेटंट कायदा 1970 च्या कलम 126 नुसार तिच्यासाठी भारतीय नागरिकत्व, 21 वर्षं पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी. शिवाय परीक्षा पास व्हावी लागते. एजंट नसलेला वकील पेटंट कार्यालयातल्या सुनावणीत अशिलाची बाजू मांडू शकतो. ट्रेडमार्कचं त्याहून सोपं आहे: सनद असली की ट्रेडमार्क रजिस्ट्रीपुढे (नोंदणी कार्यालयापुढे) काम करता येतं, वेगळी परीक्षा नाही.

विज्ञानाचा एवढा आग्रह का, ते एका शब्दावरून कळेल. पेटंटच्या दाव्यात (कोर्टातला दावा नव्हे, तर संरक्षण नेमकं कशाला हवं ते सांगणारं पेटंटमधलं वाक्य) औषधाच्या घटकांआधी ‘कम्प्रायझिंग’ (‘यांचा समावेश असलेलं’) लिहिलं, तर त्यात आणखी घटक मिसळणाराही सहसा कचाट्यात सापडतो. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ (‘फक्त यांचंच बनलेलं’) लिहिलं, तर तो बहुधा सुटतो. उलटतपासणीत समोरच्या तज्ज्ञाला यावर पकडायचं तर रसायनशास्त्र स्वतःला कळलेलं असावं लागतं.

सनदेसाठी अर्ज बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करायचा. दहावी-बारावीपासून एलएल.बी.च्या प्रत्येक सत्रापर्यंतच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, चारित्र्याचे दाखले आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. सगळ्यात जास्त अर्ज नावावरून अडतात. दहावीला ‘सुनिता’, पदवीला ‘सुनीता’, लग्नानंतर आडनाव वेगळं! अर्जाआधीच राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवा, मग धावपळ होत नाही. नोंदणी शुल्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे: खुल्या वर्गाला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये. याहून जास्त नोंदणी शुल्क कुणी मागू शकत नाही, हे गावाकडून आलेल्या मुलांनी पक्कं लक्षात ठेवावं.

सनदेनंतर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजे वकिली करत राहायला पास व्हावी लागणारी परीक्षा. 100 प्रश्न. बौद्धिक संपदा (पेटंट, ट्रेडमार्क वगैरे) कायद्यावर त्यातले मोजकेच असतात, म्हणून बाकीचा अभ्यास सोडू नका.

कंपनीत संशोधन विभागात असलेल्या इंजिनिअरांनी पुढचं नीट वाचावं. पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, आणि नोकरी लपवून दिलेलं प्रतिज्ञापत्र अंगाशी येतं. नोकरी सोडायची तयारी नसेल तर एलएल.बी. करा, एजंटची परीक्षा द्या. एजंटला नोकरीची आडकाठी नाही, कंपन्यांत असे बरेच जण आहेत. कोर्टात उतरायचं ठरलं की मग सनद काढा.

एजंटच्या परीक्षेत पहिला पेपर कायदा आणि नियमांवर, दुसरा पेटंटचा मसुदा लिहिण्यावर, आणि मग तोंडी परीक्षा. खरी गाळणी दुसऱ्या पेपरला लागते. छापून आलेली पेटंट काढून त्यांचे दावे स्वतः लिहून पाहा, नुसत्या वाचनाने हात बसत नाही. पास झाल्यावर नोंदणीचा अर्ज फॉर्म 22 मध्ये, सोबत जन्मतारीख, नागरिकत्व, पदवी आणि चारित्र्याचा पुरावा. महाराष्ट्र-गोव्याचं पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे.

आणि खटले कुठे चालतात? पेटंट-ट्रेडमार्क कार्यालयांच्या निर्णयांवरची अपिलं ऐकणारं बौद्धिक संपदा अपील मंडळ 2021 मध्ये बंद झालं, तिथली प्रकरणं उच्च न्यायालयांकडे गेली. पेटंटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली लावता येत नाही, आणि प्रतिवादीने पेटंटच रद्द करा असा प्रतिदावा केला की सगळं प्रकरण उच्च न्यायालयात जातं. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं उच्च न्यायालयात हे काम करणाऱ्या ज्येष्ठांकडे काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.