ग्रामीण युद्धस्मारके (महाराष्ट्र)

लढाईत किंवा स्वातंत्र्यलढ्यात प्राण गमावलेल्या गावकऱ्यांच्या स्मरणार्थ वेशीवर, देवळाच्या आवारात, चावडीपाशी किंवा शाळेजवळ उभारलेल्या शिळा, स्तंभ, फलक व वास्तू यांना ग्रामीण युद्धस्मारके म्हणता येईल. महाराष्ट्रातील या स्मारकांचा विचार करताना ती कोणी उभारली आणि त्यांवर मृताची ओळख कितपत उरली, हे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे ठरतात.

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा, हे यांतील सर्वांत जुने रूप होय. शिलाहार व यादव काळातील अनेक वीरगळ आजही खेडोपाडी आढळतात. शिळेच्या खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरांच्या रक्षणार्थ झालेली झुंज, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्याशी चंद्रसूर्य, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर आरमारी लढाई कोरलेली आहे. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नसल्यामुळे वीराचे नाव हरपले आहे. मात्र तो कशासाठी आणि कसा मेला, हे शिळा अजूनही सांगते.

इंग्रजी अमलात स्मारकाचा कर्ता बदलला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने कोरेगाव भीमा येथे उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे आहेत आणि त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावे ठळकपणे दिसतात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे भेट दिल्यानंतर हे स्मारक दलित समाजाच्या स्वाभिमानाचे केंद्र बनले.

पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी बसवलेले फलक याहून वेगळे आहेत. सातारा, रत्नागिरी यांसारख्या सैन्यभरतीच्या जिल्ह्यांतील गावांत ते आढळतात. या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांचा ठरावीक मजकूर असतो. वर्ष १९१९ धरण्याचे कारण असे, की शस्त्रसंधी १९१८ मध्ये झाली तरी व्हर्सायचा तह पुढच्या वर्षी झाला. सातारा तालुक्यातील ‘अपशिंगे मिलिटरी’ या गावाचे नावच सैनिकी परंपरेवरून पडलेले असून, तेथेही या महायुद्धाचे स्मारक आहे.

या युद्धात हिंदी सैन्यातील ७४ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या आणि तेथील कुत या गावाला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात अडकलेल्या फौजेतही मराठे होते. त्या फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. तिकडे पडलेल्यांसाठी बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. गावच्या फलकावर संख्या आणि रणभूमीवरच्या स्मारकावरही संख्याच, हा अन्याय स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या समाध्या व स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये ही असमान वागणूक मान्य केली. आयोगाच्या नोंदवह्यांत अनेक शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव व जिल्हा दिलेला असल्यामुळे गावच्या फलकावरील आकड्यामागची माणसे काही प्रमाणात तरी पुन्हा शोधता येतात.

स्वातंत्र्यानंतरच्या स्मारकांत स्वातंत्र्यलढ्यात बळी पडलेल्यांची हुतात्मा स्मारके येतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस राज्य शासनाने ती मोठ्या संख्येने बांधली. जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झालेले चिरनेर (ता. उरण) आणि ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चावर गोळीबार झालेले वडूज (जि. सातारा) ही त्या लढ्यातील महत्त्वाची गावे होत. १९६५, १९७१ व १९९९ च्या युद्धांत धारातीर्थी पडलेल्या जवानांची अर्धपुतळ्यांच्या किंवा कमानींच्या रूपातील स्मारके मुख्यतः गावकऱ्यांच्या पुढाकाराने उभी राहिली असून त्यांवर नाव आवर्जून असते.

जतनाच्या दृष्टीने वीरगळांची स्थिती सर्वांत बिकट आहे. काहींना शेंदूर फासून देव मानले जाते, काही देवळाच्या जीर्णोद्धारात पायरीला किंवा भिंतीला लागतात. महायुद्धाचे फलकही जुनी शाळा किंवा चावडी पाडताना राडारोड्यात जाण्याचा धोका असतो. त्यामुळे अशी इमारत उतरवण्यापूर्वी ग्रामपंचायतीने फलकाचे छायाचित्र व मजकूर नोंदवून फलक नव्या भिंतीत बसवणे आणि शक्य तेथे त्याखाली नावे कोरणे इष्ट आहे.