बॉक्सिंगमधील प्रेक्षकटंचाई

बॉक्सिंगची लढत समोर बसून पाहायला पुरेसे लोक न येणे, तिकिटे पडून राहणे किंवा अखेर फुकट वाटावी लागणे, ही या खेळाची जुनी आणि बारमाही अडचण आहे. गर्दीचे मोठमोठे विक्रमही याच खेळाच्या नावावर आहेत. १९२६ मध्ये फिलाडेल्फियात जॅक डेम्प्सी आणि जीन टनी यांची लढत १,२०,००० लोकांनी पाहिली. १९९३ मध्ये मेक्सिको सिटीच्या अ‍ॅझ्टेका स्टेडियममध्ये मेक्सिकोचा बॉक्सर हुलिओ सेझार चावेझला पाहायला १,३२,००० हून जास्त लोक आले होते. तरीही जगज्जेतेपदाची लढत अर्ध्या रिकाम्या सभागृहात व्हावी, यात जाणकारांना नवल वाटत नाही.

याचे मूळ खेळाच्या घडणीतच आहे. फुटबॉलचा संघ हरला तरी पुढच्या सामन्याला त्याच मैदानात त्याच खुर्चीवर येऊन बसणारा माणूस असतो. बॉक्सरला ना स्वतःचे मैदान, ना ठरलेला हंगाम. नावाजलेला बॉक्सर वर्षात दोन-तीनदा रिंगमध्ये उतरतो, आणि कोणत्या शहरात उतरणार हे बहुधा प्रमोटर, म्हणजे लढत भरवणारा आयोजक, ठरवतो. त्यामुळे प्रेक्षक दर वेळी नव्याने गोळा करावा लागतो. ब्रिटनमधल्या छोट्या हॉलांत होणाऱ्या लढतींत हे उघड दिसते. तिथे नवोदित बॉक्सर स्वतःची तिकिटे मित्रांना, नातलगांना, जिममधल्या ओळखीच्यांना विकतो आणि त्याची कमाई त्या विक्रीवर ठरते. लंडनचा सुमारे १,२०० जणांचा यॉर्क हॉल अशा विक्रीवर भरतो. उलट, आव्हानवीर आणि विजेता यांचे मानधनावर जमले नाही की बॉक्सिंग संघटना प्रमोटरांकडून बोली मागवते. मग लढत जास्त बोली लावणाऱ्याच्या सोयीच्या ठिकाणी होते, आणि कधी कधी तिथे दोघांपैकी एकाचाही गाववाला नसतो.

ठिकाण चुकले की काय होते, हे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील शेल्बी या गावाने ४ जुलै १९२३ रोजी अनुभवले. परिसरात तेल लागले होते आणि गावाचे नाव देशभर व्हावे अशी तिथल्या पुढाऱ्यांची हौस होती. त्यांनी हेवीवेट विजेत्या डेम्प्सीला ३,००,००० डॉलरची हमी देऊन टॉमी गिबन्सविरुद्धची लढत मिळवली आणि सुमारे ४०,००० लोकांचे लाकडी प्रेक्षागृह उभारले. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे होते; तिसरा हप्ता जमेना. लढत होणार की नाही, याच्या उलटसुलट बातम्या रोज छापून येऊ लागल्या, तेव्हा ठरलेल्या खास रेल्वेगाड्या रद्द झाल्या. तिकीट काढून आलेले प्रेक्षक भरले ७,७०२. बाकीच्यांनी बराच वेळ बाहेर थांबून शेवटी कुंपण ओलांडले. डेम्प्सी १५ फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला, गिबन्सच्या हाती मानधन म्हणून काही पडले नाही आणि त्यानंतर मोंटानातल्या ४ बँका बुडाल्या. दोष लढतीचा नव्हता. ती होईल यावरच लोकांचा विश्वास उरला नव्हता.

दुसरे उदाहरण २५ मे १९६५ चे. मुहम्मद अली आणि सनी लिस्टन यांची दुसरी लढत बॉस्टनला व्हायची होती. अलीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेमुळे ती लांबली, मग परवान्याच्या वादात अडकली आणि ऐन वेळी मेन राज्यातील लुइस्टन या छोट्या शहरात, आइस हॉकीच्या हॉलमध्ये हलवली गेली. अलीचे एकेकाळचे स्नेही, कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांची हत्या होऊन तीनच महिने झाले होते. सूडाच्या अफवा होत्या, दारात पोलीस झडती घेत होते. प्रेक्षक आले २,४३४. लढत पहिल्याच फेरीत संपली. पडलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचे छायाचित्र पुढे जगभर गेले. तो क्षण समोर बसून पाहणारे मात्र एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जमावेत एवढेच होते.

टेलिव्हिजनने या दुखण्याचे रूप बदलले. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेत लढती घरबसल्या, फुकट दिसू लागल्या आणि मोहल्ल्यातले छोटे बॉक्सिंग क्लब एकेक करून बंद पडले. न्यूयॉर्कचे सेंट निकोलस अरीना हे सभागृह १९६२ मध्ये बंद झाले. पुढे पैसे भरून घरी पाहण्याची सोय आली आणि मोठ्या लढतींत तिकीटबारीचा गल्ला दुय्यम झाला. २०१७ मध्ये लास व्हेगासला फ्लॉइड मेवेदर–कॉनर मॅकग्रेगर लढतीची १३,०९४ तिकिटे विकली गेली, म्हणजे हजारो खुर्च्या पडून राहिल्या. तरी गल्ला साडेपाच कोटी डॉलरचा झाला. दर उतरवून सभागृह भरण्यापेक्षा दर चढा ठेवून काही खुर्च्या रिकाम्या सोडणे आयोजकांना परवडते. रिकामी खुर्ची म्हणजे तोटाच, असे म्हणूनच समजू नये.

वेळेचे गणितही टीव्हीच मांडतो. १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात अली–फोरमन लढत अमेरिकी प्रेक्षकांसाठी पहाटे ४ ला झाली. २००५ मध्ये मँचेस्टरला रिकी हॅटन–कॉस्त्या झू लढत रात्री २ च्या सुमारास सुरू झाली. तिथे २२,००० लोक जागे राहिले, कारण हॅटन त्यांच्या घरचा होता. परका बॉक्सर असता तर शेवटची गाडी पकडायला निम्मे लोक उठून गेले असते.

एरवीही संध्याकाळची सुरुवात ओसाडच असते. मुख्य लढतीआधी पाच-सहा किंवा त्याहून जास्त लढती होतात, आणि त्या वेळी लोक बाहेर खात-पीत असतात. अशा सभागृहात ग्लोव्हचा बरगडीवरचा ठोका वरच्या रांगेपर्यंत ऐकू येतो, कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाचा ‘हात वर ठेव’ हा आवाजही. स्टेडियममध्ये गत उलटी: साधारण ६ मीटरची रिंग वरून काडेपेटीएवढी दिसते, आणि तिकीट काढून आलेला माणूस शेवटी मोठ्या पडद्याकडेच पाहतो.

कौशल्य गर्दी खेचतेच असे नाही. क्यूबाचा गिलेर्मो रिगोंडो दोनदा ऑलिंपिक विजेता. २०१३ मध्ये त्याने नोनिटो डोनेअरला निर्विवाद हरवले. पण सावध, मोजून-मापून ठोसा टाकणारी त्याची शैली प्रमोटरांना विकता येईना. त्यात सतरा-अठरा वजनगट आणि चार मोठ्या संघटनांचे विजेतेपदाचे वेगवेगळे पट्टे असल्याने ‘जगज्जेता’ या शब्दाचाच भाव उतरला आहे.

रिकामेपण झाकण्याच्या युक्त्या मात्र ठरलेल्या आहेत. पास वाटायचे, वरच्या गॅलऱ्यांवर काळे पडदे सोडायचे, आलेल्यांना कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला आणून बसवायचे, बाकी दिवे मंद. मे २०२५ मध्ये तर न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये भर चौकात रिंग बांधून रायन गार्सिया–रोलांडो रोमेरो लढत झाली. तिथे सर्वसामान्यांसाठी तिकिटेच नव्हती. रिंगभोवती निमंत्रित बसले होते.