नज बार लावून आउटबॅकला निघू नका

ऑस्ट्रेलियात सेकंडहँड एसयूव्ही घ्यायची, तिच्या नाकावरची चकचकीत नळी पाहायची आणि "बुल बार आहे की, कांगारूचं काय घेऊन बसलात" म्हणत आउटबॅकमध्ये, म्हणजे देशाच्या ओसाड अंतर्भागात, उलुरूच्या प्रसिद्ध खडकाकडे निघायचं! अहो, तो नज बार आहे.

भारतातला क्रॅश गार्ड तुम्हाला ठाऊक आहे, ज्याच्यावर कारवाई करायला केंद्राने २०१७च्या डिसेंबरात राज्यांना सांगितलं. नज बार त्याच्याच जातीचा. पार्किंगमध्ये कोणी हलकेच टेकलं तर बंपर वाचतो, एवढंच.

बुल बार मूळ बंपरच्या जागी येतो, थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट होतो आणि दोन्ही बाजूंना हेडलाइटपर्यंत पसरतो. ही रुंदी दिखाव्यासाठी नाही. कांगारू बहुधा बाजूच्या झुडपातून उडी मारतो आणि गाडीच्या कोपऱ्यावर आदळतो. नज बार झाकतो फक्त मधला भाग. तिथेच जोराची धडक बसली तर तो स्वतःच मागे रेडिएटरवर दाबला जाऊ शकतो. तांबड्या कांगारूचा मोठा नर ८५ किलोच्या घरात जातो. रेडिएटर फुटला की पाणी गेलं, पाणी गेलं की गाडी थांबली. दक्षिणेकडून उलुरूला जाताना पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी हा टप्पाच सुमारे ५४० किलोमीटर आहे, वाटेत बराच वेळ मोबाइलला रेंज नसते. तिथे पत्रा चेपला तर चेपू दे. गाडी पुढच्या वस्तीपर्यंत चालली पाहिजे. बुल बारचे पैसे मोजायचे ते यासाठी.

स्टील की अ‍ॅल्युमिनियम? स्टील जड, कधी पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. बाकी आवड आपापली. मात्र तुमच्या मॉडेलच्या एअरबॅगला चालतो असं लेखी नसेल तर फुकटही घेऊ नका. बंपरला चिकटवायच्या 'कांगारू पळवणाऱ्या' शिट्ट्यांबद्दल तर बोलूच नये.

आणि बुल बार लावला म्हणून रात्री गाडी हाकायची नाही. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे जास्त हिंडतात. भाड्याच्या गाड्यांच्या करारातही अनेकदा गावाबाहेर रात्री चालवायला मनाई असते. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक मारा. स्टिअरिंग फिरवून गाडी उलटली, तर कुठलाच बार कामाचा नाही.

धडक बसलीच तर सुरक्षित जागी थांबून गाडीखाली गळती पाहा. पुढे निघालात तरी टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा. तो चढू लागला की इंजिन बंद.